राखणीला आलेली ब्राझीलची बाई

नोव्हेंबर लागला की माझा घसा ताठ होतो. आजारपण नाही ते. नागपूरच्या भाड्याच्या खोलीचं दार सकाळी उघडावं, थोडा गारवा आत यावा, कुठूनतरी भाताच्या जळक्या तणसाचा वास यावा, की गिळताना मध्येच काहीतरी अडतं. खांदे वर चढतात आणि मी कान देऊ लागते. ऐकण्यासारखं खरं तर काही नसतं. खाली दूधवाल्याची गाडी असते, समोरच्या घरात कुकरची शिट्टी. पण कान त्या सगळ्याच्या मागे जाऊन वेगळंच काही शोधत राहतात. वारा पडलेला असताना हलणाऱ्या धानाचा आवाज.

तो एक हंगाम मी पवनीच्या पलीकडे, मामाच्या गावी, धान राखत काढला. त्याबद्दल लिहायचं तर आधी एका बाईबद्दल लिहावं लागेल. तिचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही शोधाल, ऐकाल, पहिल्याच किंकाळीला बंद कराल आणि मग माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघाल. कॉलेजच्या होस्टेलमध्ये हे एकदा होऊन गेलंय.

ती हेवी मेटल गाते. ‘गाते’ हा शब्द माझा, घरात तो कोणीच मान्य केला नाही. तिचा आवाज छातीच्याही खालून येतो, खडीवरून लोखंडी पत्रा ओढत न्यावा तसा. शब्द कळत नाहीत. पण त्या आवाजात कसलीही माफी मागितलेली नसते, आणि मला तेच हवं होतं. मी लहानपणापासून ‘सॉरी’नं वाक्य सुरू करणारी मुलगी. भंडाऱ्याच्या इंग्रजी शाळेत मराठी बोललं की बाकावर उभं करायचे, घरी इंग्रजी बोललं की आत्येभाऊ हसायचे. दोन्हीकडून सुटायचा सोपा मार्ग म्हणजे हळू बोलणं. पुढे पुढे ते हळू बोलणं हाच माझा आवाज झाला. पदवीनंतर नोकरीच्या मुलाखतींना गेले. उत्तरं यायची, पण टेबलाच्या पलीकडे पोचायची नाहीत. “जरा मोठ्यानं,” समोरचे म्हणायचे. त्यानंतर तर उत्तरंही यायची नाहीत.

अशा रिकाम्या दिवसांत मामी धुऱ्यावरून घसरली आणि तिचा पाय मोडला. धुरा म्हणजे दोन बांध्यांमधला मातीचा बांध, आणि बांधी म्हणजे पाणी अडवून धान लावायचा शेताचा तुकडा. पाय प्लास्टरमध्ये गेला आणि आईनं माझी बॅग भरली. “नाहीतरी घरीच बसून असतेस,” ती म्हणाली. ते खरं असल्यामुळे जास्त लागलं.

मामाकडे पोचले तेव्हा गावातला हलका, म्हणजे लवकर पिकणारा धान कापून झाला होता. लोकांच्या अंगातून थकवा उतरत होता, गावोगाव मंडईचे, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रांचे दिवस सुरू होते. कुठल्या ना कुठल्या गावाहून दुपारची ढोलकी ऐकू यायची. लोक नवे कपडे घालून पाहुण्यांकडे जायचे. शेतं मोकळी, पांढरट, फक्त खुंट उभे. त्या सगळ्या मोकळेपणात एकच बांधी अजून भरलेली होती. मामाची. तिच्यात चिन्नोर होता.

चिन्नोर हा बारीक, वासाचा तांदूळ. चुलीवर ठेवला की पलीकडच्या घरी कळतं. पण तो उशिरा पिकतो, उंच वाढून लोळतो आणि इतर धानापेक्षा कमी येतो. म्हणून एकेक घर करत सगळ्यांनी सोडला होता. गावात बियाणं फक्त मामाकडे राहिलं होतं. आदल्या वर्षी रानडुकरांनी जवळजवळ सगळी बांधी लोळवली होती. उरलेल्या लोंब्यांमधून मामीनं एकेक निवडून बी काढलं आणि तेवढंच या वर्षी पेरलं. घरात मागे ठेवलेलं काहीच नव्हतं. ही बांधी गेली की चिन्नोर गावातून गेला, इतकं ते साधं होतं.

“बाकीच्यायचं धान उभं होतं तवा डुकरं वाटून खात,” मामा मला पहिल्याच संध्याकाळी म्हणाले. “आता सारी पंगत माह्याच घरी.”

शेजारच्या बांध्यांभोवतीच्या, जनावराला विजेचा झटका देणाऱ्या तारा काढून लोकांनी घरी नेल्या होत्या. मामाचं जे झटक्याचं मशीन होतं ते पावसाळ्यातच बंद पडलेलं. उरला होता भोंगा. बॅटरीवर चालणारा, मेमरी कार्ड टाकायचा, बांबूला बांधलेला. त्यात मामांनी स्वतःचा आवाज भरून ठेवला होता: “हुर्र! हाट, हाट! आलो रे, आलो!” दिवस मावळला की मामांचा तो आवाज बांधीवर गोल गोल फिरायचा. खुद्द मामा मात्र मचाणावर बिडी ओढत गप्प बसलेले असायचे. डुकरांना हा भेद कळायला वेळ लागला नाही. सकाळी बांबूच्या बुडाशीच खुरांचे ठसे होते, आणि चघळून थुंकलेल्या लोंब्या.

त्या सकाळी मी चहा घेऊन बांधीवर गेले तेव्हा मामा ठशांकडे बघत उकिडवे बसले होते. माझ्या गळ्यात इअरफोन लोंबत होता, त्यातून ती बारीक ऐकू येत होती. मामांनी मान वळवली.

“हे काय वाजून राहिलं व?”

“गाणं आहे, मामा.”

“आण इकडं.” त्यांनी एक टोक कानात घातलं आणि डोळे मोठे केले. “बाप्पा! कोणाले कापून राहिले का?”

“ती गाते आहे.”

“ती? बाई होय ही?” ते थोडा वेळ ऐकत राहिले. मग टोक काढलं, बांबूकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. “मॅडम, हे भोंग्यात भरता येते का?”

मला लाज वाटली. इतकी वर्षं जे उशीखाली, चादरीत, बंद दाराआड ऐकलं, ते उघड्या रानात लावायचं. पण ठसे बांधीच्या मध्यापर्यंत गेलेले मीही पाहिले होते. मी कार्डात तिची गाणी भरली.

त्या संध्याकाळी ती पहिल्यांदा गावावर ओरडली. तळ्यावरचे बगळे उठले. रस्त्याने मंडईहून परतणारी माणसं थांबली. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या धुऱ्यावरच्या सुमनकाकू घरी आल्या. त्यांची बांधी आमच्या बांधीला लागून, तोंड तिखट, आणि येणं नेहमी काहीतरी परत करायला. आज वाटी होती.

“काहून वो, तुमच्या भाचीनं वाघ पाळला का?” त्या दारातूनच म्हणाल्या.

“वाघ नाई, वाघीण,” खाटेवरून मामी म्हणाली. “परदेशातली हाय.”

“मले तर वाटलं, कोणी बाळंतपणाले अडली रानात. मी पाणी तापवाले ठेवत होतो.”

दोघी हसता हसता ठसकल्या. मी आत भांडी घासत होते. माझे कान तापले होते. पण डुकरं त्या रात्री आली नव्हती, पुढच्या रात्रीही नाही.

मग मामीनं तिची चौकशी सुरू केली. पाय उशीवर, हातात निवडायला घेतलेली लाखोळीची डाळ, आणि एकेक प्रश्न. लग्न झालं का तिचं? माय-बाप हायेत का? मी तुकड्यातुकड्यानं सांगत गेले. कोणाशी इतकं सलग बोलण्याची मला सवय नव्हती. पण स्वतःबद्दल नसलं की बोलता येतं, हे मला तेव्हा कळलं.

ती ब्राझीलच्या दक्षिण टोकाकडची. शाळेत आम्हाला ब्राझील म्हणजे फुटबॉल आणि मोठी नदी एवढंच होतं. तिच्या मुलाखती बघताना कळलं, तिकडे सपाट पाणथळ शेतं आहेत आणि त्यांत भात होतो. तिचा बाप कापणीचं यंत्र चालवायचा.

“म्हणजे धानवालीच की,” मामी म्हणाली, जणू आता बाकीचं सांगायची गरजच नाही.

ती लहानपणी चर्चमध्ये गायची, मागच्या रांगेत. आवाज जाड म्हणून तिला ओठ हलवायला सांगायचे, गायला नाही. शाळेतल्या पोरांनी बँड काढला, त्यांना गाणारा मिळेना. तिनं गॅरेजमध्ये त्यांच्यासमोर तोंड उघडलं आणि पोरं घाबरून हसली, मग हसायची थांबली. तिथून पुढे बाप बोलेनासा झाला. विशीत ती जर्मनीला गेली. तिथे हॉटेलातल्या खोल्या झाडायची, चादरी बदलायची, आणि संध्याकाळी तळघरात गायची.

“दिवसभर लोकायचे पलंग झटकाचे अन् मंग असं बोंबलाचं?” मामीनं डाळीतला खडा काढून भिंतीकडे टाकला. “बरं करे. नाईतर डोस्क्यात गेलं असतं.”

पहिल्या अल्बमवर लोकांनी लिहिलं, हा आवाज बाईचा नाही, मशीननं केलाय. मग ती गावोगाव फिरून समोरासमोर गायला लागली. वर्षानुवर्षं. एका लहानशा गाडीत वाद्यांवर डोकं ठेवून झोपायचं, उतरायचं, गायचं, पुन्हा गाडी. आणि अशाच एका दौऱ्यात तिचा गळा गेला. स्वरतंतूंवर गाठी आल्या, शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी बोलणंही बंद केलं. आवाज परत येईल की नाही हे कोणी सांगेना.

इथे मामीचे हात थांबले. तिनं प्लास्टरकडे बघितलं. “मंग?”

“परत आला. पण जुना नाही. तिला श्वासापासून सगळं नव्यानं शिकावं लागलं.”

मला एक गोष्ट सांगायची होती, ती राहून गेली. ही बाई बोलते तेव्हा तिचा आवाज इतका बारीक असतो की मुलाखत घेणारे पुढे झुकतात. माझ्यासमोरचे झुकायचे तसेच. पण ती थांबत नाही, ‘सॉरी’ म्हणत नाही. त्यांना झुकू देते.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, आणि दुसरंही एक सांगितलं नव्हतं. ती नव्यानं शिकली तेव्हा तिनं काही व्हिडिओ केले होते, श्वास पोटातून कसा धरायचा, गळा न ताणता ती गुरगुर कशी काढायची. ते बघून मी होस्टेलमध्ये उशीत तोंड खुपसून शिकले होते. मामाकडे आल्यावर मोटारपंपाच्या खोलीत, पंप चालू असताना. पंपाच्या आवाजात माझा आवाज मलाही ऐकू यायचा नाही. म्हणूनच तो निघायचा.

डुकरं आठवडाभरात परतली. ती कुठे ओरडते, कधी ओरडते, कुठल्या ओरडण्यानंतर कुठली ओरड, सगळं त्यांना पाठ झालं. सकाळी बांधीचा एक कोपरा जमिनीशी सपाट होता. मामा त्यात उभे राहिले आणि त्यांनी एक लोंबी उचलून दाणा नखानं फोडून बघितला. धान अजून पुरता पिकला नव्हता. आता कापला तर भात शिजवायला चालला असता, पण बी म्हणून तो उगवला नसता. त्याला अजून थोडे दिवस हवे होते, आणि ते थोडे दिवस मला त्या हंगामात सगळ्यात लांब वाटले. जेवताना घास थांबायचा. कुत्रं भुंकलं की मामा उठून दाराशी जायचे.

अशात मामीचं प्लास्टर काढायची तारीख आली. मामा तिला घेऊन सकाळच्या एसटीनं भंडाऱ्याला गेले. जाताना म्हणाले, “दिवस बुडाच्या आत येतोच. नाईच आलो तर मचाणावर बसजो, पिपा वाजवजो. खाली उतरू नोको, समजलं? पिल्लंवाली मादी हाय त्यायच्यात.” गावातल्या एका माणसाच्या मांडीवर सुळ्याची खूण होती. ती मी पाहिली होती.

दिवस बुडायला आला, एसटी आली नाही. मामांचा फोन लागत नव्हता. मी मचाणावर चढले.

संध्याकाळ रानात वरून उतरत नाही, जमिनीतून वर येते. आधी धुरे काळे झाले, मग खुंट, मग धानाची बुडं. फक्त लोंब्यांचा शेंडा उजेडात राहिला होता, पिवळा, जड. चिन्नोरचा वास अंधारात वाढतो. खाली भोंग्यात ती ओरडत होती आणि मला पहिल्यांदाच ती नकोशी झाली. तिच्यामुळे बाकी काही ऐकू येत नव्हतं.

मग दूरचे शेंडे हलले. वारा नव्हता. एक रेघ हलली, तिच्या बाजूला दुसरी. दोन्ही रेघा सावकाश बांधीच्या मध्याकडे निघाल्या. घाई नव्हती त्यांना. मी पत्र्याचा पिपा वाजवला. रेघा थांबल्या, मग पुन्हा चालू. मी “हाट” म्हणाले. ते माझ्याच कानापर्यंत आलं नाही. लोंब्या ओरबाडल्याचा, चघळल्याचा ओला आवाज येऊ लागला, आणि बारीक बारीक कुईकुई, पिल्लांची. दरवेळी एक लोंबी खाली जायची. वर्षभर भिजवलेलं, निवडलेलं, राखलेलं बी माझ्या डोळ्यांसमोर जात होतं आणि मी पत्र्याचा डबा धरून बसले होते.

तिच्या कार्यक्रमांच्या चित्रफितींत मी एक गोष्ट कितीदा तरी पाहिली होती. सगळ्यात मोठ्या किंकाळीआधी ती हात वर करते आणि सगळा बँड एकदम थांबतो. ढोल, गिटार, सगळं. हजारो माणसं श्वास धरतात. किंकाळी खरं तर त्या शांततेतच सुरू होते.

भोंग्याची बॅटरी मचाणावरच होती. मी वायर उपटली.

रानभर एकदम काहीच उरलं नाही. चघळणं थांबलं. त्या गर्द धानातून मला काही डोकी वर आलेली दिसली, कान ताठ. त्यांना रोजचं सगळं पाठ होतं, पण हे नव्हतं. मी उभी राहिले. मचाण हललं. पोटातून श्वास घेतला तेव्हा तो कापत होता, आणि पहिल्यांदा नुसता खोकला आला. एक मोठी मादी माझ्याकडे वळली. दुसऱ्यांदा आला तो माझा आवाज होता. पंपाशिवाय, उशीशिवाय. तो मलाच इतका अनोळखी होता की मी मागे वळून पाहिलं. मग पुन्हा काढला, वेगळ्या जागेवरून, वेगळ्या उंचीवर, कधी लांब तर कधी तोडून. बांधी आतून फुटल्यासारखी झाली आणि डुकरं पळाली. पण पळाली ती सरळ चिन्नोरमधून. मध्यभागी रुंद पट्टा आडवा पडत गेला आणि मी ओरडत राहिले, आता त्यांच्यावर की त्या पट्ट्यावर, सांगता येणार नाही.

थांबले तेव्हा धुऱ्यावर टॉर्चचा उजेड होता. सुमनकाकू हातात काठी घेऊन उभ्या होत्या.

“भोंगा बंद हाय ना?” त्यांनी विचारलं.

“हो.”

त्या धुऱ्यावरून उतरून आल्या. मामा-मामी येईपर्यंत खाली मचाणाच्या खांबाला टेकून बसून राहिल्या.

त्यानंतर बांधी कापेपर्यंत राखणीला मीच होते. मामा सोबत बसायचे, पण ओरडायचे नाहीत. मामी काठी टेकत बांधीपर्यंत आली ती कापणीच्या दिवशी. उभ्या राहिलेल्या धानातून फिरून तिनं बियाच्या लोंब्या वेगळ्या काढल्या. पडलेल्या पट्ट्यानं बरंच नेलं होतं, तरी बी झालं. आदल्या वर्षीपेक्षा जास्त झालं.

दुपारी कापायला आलेल्या बाया बांधीच्या कडेला भाकरी खायला बसल्या. त्यांच्यात माझी गोष्ट पोचली होतीच. “ये व पोरी, एक डाव काढ तो आवाज,” एक म्हणाली. “आमच्या मालकाले भेव दाखवाले होईन.” सगळ्या हसल्या. तो आवाज काढणं मला त्या क्षणी सहज जमलं असतं. पण मला दुसरंच बोलायचं होतं, राखणीवर बसून बसून डोक्यात पक्कं झालेलं, आणि त्यासाठी तो आवाज कामाचा नव्हता. साधा लागणार होता. रानडुकरांपुढे इतकी भीती वाटली नव्हती.

“तुम्ही सगळ्यांनी थोडा थोडा चिन्नोर लावाल का?” मी म्हणाले.

“काय म्हणते?” मागच्या बाईनं विचारलं. सुमनकाकू पुढे झुकल्या. मी त्यांना झुकू दिलं आणि तेच पुन्हा म्हणाले. एकाच बांधीत असला की सगळी डुकरं तिथेच येतात. चार-सहा बांध्यांत असला, तर पंगत वाटली जाईल, राखणही वाटली जाईल. बी मामी देईल.

बायांनी एकमेकींकडे बघितलं. मग एकेक कारण आलं. उशिरा येते तो. लोळते. कोण बसन थंडीत. “तुमची डुकरं आमच्या घरी कायले बोलावता?” एक म्हणाली आणि भाकरीचं फडकं झटकून उठली. मामा जमिनीकडे बघत होते. मामीनं बियाचं सूप मांडीवर घेतलं होतं, ते ती ना पुढे करत होती ना मागे.

सुमनकाकूंनी हात धुतले. पदराला पुसले. मग सुपातली एक लोंबी उचलून दाताखाली दाणा फोडला.

“माह्या तळ्याकडच्या बांधीत लावीन मी,” त्या म्हणाल्या. “पण माह्याकडं तुह्यासारखं ओरडनारं कोणी नाई. हंगामाले यीन का तू? का नोकरी लागली म्हंजे इसरशीन?”

नोकरीचा तेव्हा पत्ता नव्हता. ती लागली तर सुट्टी मिळेल का, माहीत नव्हतं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

“येईन,” मी म्हणाले.

काकूंनी पदर पुढे केला, आणि मामीनं सूप तिरपं केलं.